पिनेचं गोत्र

मग भरोसा ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा ना गुरुजी — ज्याला घरात घेतलं त्याच्यावर, का ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्याच्यावर? बाहेरचा फसवून फसवून किती फसवणार, एखादं धोतर उधार नेईल आणि पुन्हा गुलमंडीला फिरकणार नाय. घरातला मात्र... बसा, बसा, ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडं गादीवर या. चहा सांगितलाय. नाय म्हणू नका, पैठणहून एसटीत धक्के खात आलात. आल्यापासून ह्या टॉवेलचा भाव विचारताय, घडी उलगडताय, पुन्हा घालताय — पण टॉवेलसाठी पैठणहून कुणी येतं का? मी कापड विकता विकता म्हातारा झालो गुरुजी. गिऱ्हाईकाचा डोळा कापडावर आहे का दुकानदारावर, एवढं तर ओळखतो. तुम्ही हिमांशू वकिलाची चौकशी करायला आलात. व्हय का नाय? — हां, असं मोकळं बोला. मुलगी तुमचीच? मनस्विनी. छान नाव. बँकेत आहे? वा! मग चौकशी पाहिजेच. आणि तुमच्या कानावर आलंय की त्याला विमानाच्या कंपनीतून काढलं, कारण त्यानं माल पुरवणाऱ्याकडनं खाल्लं. कोण म्हणालं ते नका सांगू, मला ठाऊक आहे गावात काय बोलतात. आणि तो माल पुरवणारा म्हणजे माझा धाकटा भाऊ इंद्रजीत, म्हणून तुम्ही थेट माझ्याच दुकानात. हुशार आहात. शेजारी गोड बोलतो, नातेवाईक झाकून ठेवतो, ज्याचं नुकसान झालं त्यालाच विचारावं. ह्या म्हाताऱ्याच्या तोंडून चांगलं निघालं तर साखरपुडा, वाईट निघालं तर परतीची गाडी. असंच ना? मग ऐका.

तो आला तेव्हा कायद्याला शिकत होता. वडील गंगापूरला तहसिलीत कारकून, लवकर गेले, आई भावाकडं. आमच्या घराची वरची खोली रिकामी होती. भाड्याचं बोलणं करायला आला तर हातात नुसती पिशवी, आणि माझ्याकडं न बघता आमच्या द्वारकाकडं बघून म्हणतो, “मावशी, खालच्या नळाचं पाणी मी भरून देत जाईन, भाडं जरा कमी करा.” द्वारका म्हणजे माझी बायको, द्वारकाबाई — ती हसली, आणि ती हसली म्हणजे विषय संपला, आमच्या घरात हायकोर्ट तीच. तवापासून तो खाली जेवायला. तुमच्यातला पोरगा, आम्ही शेतकरी माणसं, द्वारका त्याच्यासाठी रविवारी वेगळी वांग्याची भाजी करायची. वर्षभर केली. मग एका रविवारी तोच म्हणाला, “मावशी, दोन-दोन भाज्या कशाला, सगळ्यांचं तेच मला वाढा,” आणि मटणाच्या रश्शात भाकरी चुरून असा काही जेवला की — हे... हे निघून गेलं तोंडातून. घरी सांगू नका. म्हणजे सांगा, मुलीला सांगा, तिला कळायला पाहिजे, तिच्या आईला नका सांगू.

शिकला, सनद मिळाली. इथं आपल्या खंडपीठात पहिल्यांदा उभा राहणार, अंगावर कोट पाहिजे. मी ह्याच कपाटातला काळा कपडा काढला, उत्तम — तुम्हाला दाखवू का? नको, राहू द्या — शिवून दिला आणि म्हटलं, पैसे काढलेस तर खोली खाली कर. मोठ्या वकिलाच्या हाताखाली फायली वाहायचा. मोठा वकील एवढा मोठा की ह्याच्या नावाचा पहिला अर्धा भागच त्याच्या ध्यानात राहायचा, “हिम, हिम” म्हणून हाक मारायचा, आम्ही घरी चिडवायचो, द्वारका म्हणायची, तुम्हाला हसायला काय जातं, लेकराचे चपलेचे तळवे बघा. आणि मग ही विमानाची कंपनी आली. आता इथं अख्खं विमान तयार होतं असं समजू नका, आधी मीही तसंच समजलो होतो, गल्लीत सांगत सुटलो की आमचा पोरगा विमानं बनवतो. इथं सुटे भाग होतात — ब्रॅकेट, कड्या, बिजागऱ्या — आणि ते परदेशात जाऊन विमानाला लागतात. त्यांना करारमदार बघायला माणूस पाहिजे होता. करार म्हणजे काय विचारता! मी बघितलाय, उशीला ठेवला तर मान अवघडेल. हिमांशू इंग्रजीत पक्का. घेतला त्याला.

पण एक गोष्ट झाली, आणि ती तुम्ही नीट ऐका, सगळी गोम तिथं आहे. पगाराची नोकरी धरली की वकिलाला सनद बाजूला ठेवावी लागते. कायदाच आहे तसा. कोर्टात उभं राहायचं नाय, कोट घालायचा नाय. तो सनद देऊन आला, आणि संध्याकाळी कोट घेऊन दुकानात. म्हणाला, “नाना, हा तुमच्याकडे ठेवा, खोलीत कसर लागेल.” मी म्हटलं, लेका, वकील तो वकीलच, कोट काढला म्हणून का डोकं निघतं? तर म्हणाला, “नाही नाना. आता मी वकील नाही, कंपनीचा नोकर. वकिलाला सांगितलेलं वकिलाच्या पोटात राहतं. मला सांगितलं म्हणजे तुम्ही कंपनीला सांगितलं.” असं तो कितीदा म्हणायचा. जेवताना कंपनीचा विषय निघाला की ताटावर हात ठेवायचा — नाना, दुसरं काही बोला. आम्हाला वाटायचं, पोरगं मोठ्या पगाराचं झालंय, चार गोष्टी रुबाबात बोलायचीच. दिवाळीला मी शर्टपीस दिला तर परत आणून ठेवला, म्हणे आता चालत नाही, तुमच्या घरातला माणूस आमच्याकडं काम मागतोय. द्वारकाला लई लागलं ते. पण जेवण नाय सोडलं त्यानं. सोडतो कसा, ती दारात उभी असायची ना.

इंद्रजीतचं सांगतो. माझा भाऊ मशीनवरचा माणूस, एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप. त्यानं ह्याच कंपनीत काम मागितलं. आता तुम्ही म्हणाल हिमांशूनं लावून दिलं — नाय! उलटं. त्यानं साहेबाला जाऊन सांगितलं की मी त्या घरात जेवतो, ह्या माणसाची फाईल माझ्याकडं देऊ नका. माझ्यासमोर येऊन म्हणाला, मी सांगून आलो. मला तेव्हाच राग आला होता. आपला माणूस आत असून नसल्यासारखा! पण इंद्रजीतचं काम चोख, त्याला त्याच्या हातावर ऑर्डर मिळाली. विमानात सामान चढवायच्या दाराच्या बिजागरीची पिन. एवढीशी, करंगळीएवढी. आणि त्या पिनेची मिजास किती सांगू — तुम्ही आता मुलाचं गोत्र विचारणार, आजोळ विचारणार, तशी ती लोकं पिनेचं गोत्र विचारतात. कुठल्या सळईतनं निघाली, ती सळई कुठल्या भट्टीतली, भट्टी कुणाची, कुणी तपासली. मी म्हटलं, अरे, आमच्या सुनेची एवढी चौकशी नाय केली आम्ही.

तर झालं असं की एकदा ऑर्डर तातडीची, आणि त्या ठरलेल्या भट्टीच्या सळया आल्याच नाहीत. इंद्रजीतकडं दुसऱ्या कामातल्या सळया होत्या — त्याच जातीच्या बरं का, तंतोतंत, त्यानं इथं तपासूनही घेतल्या, मजबुतीला कुठं कमी नाय. त्यानं त्या वापरल्या आणि कागदावर ठरलेल्या भट्टीचं नाव घातलं. माल एक, शिक्का दुसरा. आता कापडाच्या धंद्यात असं कुणी करतच नाय असं मी म्हणत नाय — मी नाय करत, हसू नका गुरुजी, मी खरंच नाय करत — पण आम्हाला त्यात पाप वाटलं नाय. लोखंड ते लोखंड. पिना गेल्या, कंपनीनं घेतल्या, सगळं सुरळीत. आणि एका रविवारी हिमांशू जेवायला बसला होता, पंगत रंगली होती, इंद्रजीतही होता, आणि मी — आपल्या घरात बसून, आपल्या माणसाला — सहज विचारलं, अरे, असं असं केलंय इंद्रजीतनं, काही भानगड नाय ना होणार? घरचा वकील असताना बाहेर कुणाला विचारायचं? सांगा ना, कुणाला विचारायचं?

त्याचा घास हातात राहिला. मग तो ताटात ठेवला. हात धुतला, आणि गेला. शब्द नाय काढला. द्वारकानं भात आणला तर पाट रिकामा. दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं इंद्रजीतच्या वर्कशॉपवर. सळया बघितल्या, पिना बघितल्या, सगळं बंद. नाव काळ्या यादीत. आणि एका कंपनीनं नाव काढलं की बाकीच्यांना कुणी सांगावं लागत नाय, वास जातो. इंद्रजीतनं मशिनी विकल्या. आता पुण्यात आहे, दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याची शिट्टी ऐकून उभा राहतो — जो माणूस स्वतः शिट्टी वाजवायचा! दिवाळीला आला तर माझ्या पाया पडला, पण माझ्याकडं बघितलं नाय. त्याला वाटतं, दादा, तू बोलला नसतास तर... बोललो तर खरं. पण मी कुणापुढं बोललो? ज्यानं आमच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्यापुढं. चोरानं घर फोडलं असतं तर मी एवढा मोडलो नसतो गुरुजी. चोराला आपण भाकरी वाढलेली नसते.

घ्या, चहा आला. बशीत ओता, कडक आहे. काय म्हणालात? — लाच? थांबा, तिकडंच येतोय.

कंपनीत पुढं काय झालं ते ऐका, म्हणजे तुम्हाला कळंल की फसवायच्या कामात आम्ही दोघे भाऊच नव्हतो. त्या पिनांतल्या काही आधीच बाहेरदेशी पोचल्या होत्या. कुठल्या तरी विमानाच्या दाराला बसल्यासुद्धा असतील. हिमांशूचं म्हणणं, ज्यांनी घेतल्या त्यांना कळवा. साहेब म्हणाले, इथल्या इथं मिटलंय, सप्लायर हाकललाय, गेलेल्या मालाचं तू कशाला उकरतोस? गोड बोलले, मग तिखट बोलले. हा ऐकेना. त्यानं खालपासून वरपर्यंत सगळ्यांना विचारलं, आणि शेवटी परदेशातल्या लोकांना कळलंच, त्यांनी पिना काढून घेतल्या. आणि मग कंपनीला एकदम आठवलं की हा माणूस तर त्या सप्लायरच्या घरी जेवत होता! वर्षानुवर्षं जेवत होता, त्यानं स्वतः तोंडानं सांगितलं होतं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाय. आता वाटलं. सप्लायरशी लागेबांधे. राजीनामा दे, नायतर चौकशी लावू. ज्या कंपनीसाठी त्यानं आमचं घर सोडलं, तिनं त्याला आमच्या घरावरनं काढलं. मला ते कळलं तेव्हा मी काय केलं असंल? आनंद झाला. तुमच्यापासून काय लपवायचं, मी पेढे आणणार होतो. द्वारका म्हणाली, पेढे आणले तर तुम्हालाच एकट्याला बसून खावे लागतील.

आता तुमच्या गावात जे बोलतात त्याची बात करू. मला कंपनीच्या माणसानं बोलावलं होतं. गार खोलीत बसवलं, काजू ठेवले समोर. म्हणाला, नानासाहेब, तुमचंही त्यानं नुकसानच केलंय, तुम्ही फक्त एवढं सांगा की हिमांशूला तुमच्याकडनं काही ना काही मिळत होतं. शर्टपीस म्हणा, खोलीचं भाडं कमी म्हणा. सांगायला काय जात होतं? एक शब्द! आणि शर्टपीसचं तर मी दिलंच होतं की. पण माझ्या तोंडात काजू होता, तो गिळला, आणि मी म्हटलं, दिला होता, परत आला. भाडं? जेवढं कमी, तेवढं नळाचं पाणी भरून फेडायचा. जेवण? जेवण माझी बायको वाढायची, तिला बोलवा आणि विचारा, बघा हिंमत असली तर. उठून आलो. त्याच्यासाठी नाय हं गुरुजी. मी त्याला माफ केलं असं समजू नका. मला एवढंच वाटलं की खोटी नोंद माझ्या नावावर कशाला.

त्यानं कोट नेला परत. सनद चालू करून घेतली, आता इथं खंडपीठात उभा राहतो, छोटी छोटी कामं. खोली त्यानं त्या रविवारनंतर आठवड्यातच सोडली होती, पडेगावला राहतो. कोट न्यायला दुकानात आला तेव्हा मी गिऱ्हाईकापुढं थान उलगडत होतो, मी मान वर नाय केली. म्हटलं, तिथं आहे, घे. त्यानं घेतला. मग गेला.

तुम्हाला वाटत असंल, म्हातारा शिव्या देतोय का कौतुक करतोय. मलाही कळत नाय कधी कधी. मागं आम्ही हैदराबादला गेलो, भाचीचं लग्न. तिच्या भावानं विमानाची तिकिटं पाठवली. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो, चिकलठाण्याहून. मला खिडकी मिळाली, नेमकी पंखाजवळची. वर गेल्यावर ढगात ते असं हलायला लागलं, आणि त्या पंखावरची पट्टी वर होते, खाली होते, वर होते... आणि माझ्या मनात दुसरं काही येईचना गुरुजी. ह्या पट्टीला पण पिन असंल. कुणाच्या तरी भावानं केलेली असंल. तातडीची ऑर्डर असंल, सळया आल्या नसतील. आणि कुणीतरी घरच्या वकिलाला जेवताना विचारलं असंल, आणि तो वकील भला माणूस असंल, खाल्ल्या मिठाला जागला असंल, भात घेतला असंल अजून थोडा... मी पट्टा घट्ट ओढला. द्वारका शेजारी, तिला कसली भीती ना काही. म्हणाली, काय बघताय एवढं? म्हटलं, पंख. तर म्हणते, “तो आपल्या हिमांशूसारख्या कुणीतरी बघितलेला असंल. झोपा तुम्ही.” आणि स्वतः झोपली. खरंच झोपली! मी जागा. उतरल्यावर मला राग आला, म्हटलं, त्याचं नाव कशाला काढलंस, इंद्रजीतचं वाटोळं करून गेला तो, एक शब्द न बोलता. तर सामानाची पिशवी खाली ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, “शब्द न बोलता? तो बोलला तेव्हा मी भाताचं पातेलं घेऊन तुमच्या मागं उभी होते.”

काय बोलला — हेच विचारणार ना तुम्ही? तुमचा चेहराच सांगतोय.

म्हणाला असंल काहीतरी. माणूस मोरीपाशी हात धुताना काय काय बोलतो. म्हणाला — “नाना, हे मला सांगायला नको होतं. आता मला कंपनीत सांगावं लागेल. त्याआधी इंद्रजीतकाकांनी स्वतः जाऊन सांगावं. स्वतःहून सांगितलं तर काम राहील. उद्या दुपारपर्यंत मी थांबतो.” मी हसलो. म्हणजे आता हसणार नाय तर काय करणार, पंगतीत बसून पोरगं मला कायदा सांगतंय! इंद्रजीतचा चेहरा पडला, तर मीच त्याला म्हटलं, अरे, वकील लोक असंच घाबरवतात, सवय असते त्यांची, घे, रस्सा घे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला त्याचा. इथं ह्या गादीवर बस्ता चालू होता, मोठ्या घरचा, बायका साड्यांच्या ढिगात बुडालेल्या, नवऱ्यामुलाची आत्या रुसून बसलेली — बस्त्याच्या वेळी कोण फोन उचलतो? मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. म्हटलं, संध्याकाळी बोलू. दुपारी तो गेला साहेबाकडं. त्यात त्याचं काय — नाय, नाय, तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. माझं म्हणणं अजून तेच आहे. फोन नाय उचलला तर यायचं होतं दुकानात. पायऱ्या चढून यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, नाना, उठा. मी उठलो नसतो का? घरच्या माणसानं एवढं केलं नाय. हे मला डाचतं. पिनेचं नाय डाचत. हे डाचतं.

नाय, मुलगी द्या का देऊ नका हे माझ्याकडनं वदवून घेऊ नका. माझ्या जिभेला ते झेपायचं नाय. द्वारकाला विचारलं असतं तर तिनं तुम्हाला चहाआधीच उत्तर देऊन वाटेला लावलं असतं. मी एवढंच सांगतो — तुम्ही घरी गेलात की मुलीची आई विचारंल, मुलगी दाराआडून ऐकंल, तेव्हा माझं दुःख मोठ्या अक्षरात मांडा, इंद्रजीतचं बंद पडलेलं वर्कशॉप मांडा, त्यात एक काडी कमी करू नका, ते खरं आहे. पण लाच त्यानं घेतली नाय, तिथं शून्य लिहा, गावात कोण काहीही म्हणो. आणि मोरीपाशी जे बोलला ते, आणि ते दोन फोन — ते त्याच्या जमेला धरा. मी धरले नाहीत इतकी वर्षं. तुम्ही धरा.

टॉवेल ठेवा तो, तुम्हाला नकोच होता. या आता, ती बाई कधीची उभी आहे पडद्याचं कापड हातात धरून. गाडी सापडंल तुम्हाला. आणि गुरुजी — माझ्या बाजूनं झुकू नका, त्याच्याही बाजूनं झुकू नका, हिशोब तेवढा इमानानं मांडा.